संगणकाचं सर्टिफिकेट: क्लास लावायचा की घरी अभ्यास?

मैत्रिणींनो, भरतीची जाहिरात आली की घराघरात एकच धावपळ सुरू होते, "संगणकाचं सर्टिफिकेट पाहिजे म्हणे!" मग गटातून कर्ज उचलायचं आणि पोरीचं, सुनेचं नाहीतर स्वतःचंच नाव दिसेल त्या क्लासला टाकायचं. 5,000 रुपये शेकडा 2 ने उचलले तर पहिल्याच महिन्याला 100 रुपये व्याज. म्हणून आधी जाहिरात पूर्ण वाचा. टायपिंग मागितलं असेल तर ती परीक्षा वेगळी, ती महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. एमएस-सीआयटी करून टायपिंगचं सर्टिफिकेट मिळत नाही. यात पुष्कळजणी फसतात.

संगणकाचंच हवं असेल तर आपल्याकडे दोन नावं जास्त ऐकू येतात. एमएस-सीआयटी 2001 पासून एमकेसीएलच्या केंद्रांत शिकवतात. मराठीतून शिकता येतं, अडलं तर विचारायला माणूस असतो. पण केंद्रात प्रवेश घ्यावाच लागतो आणि फी पाच हजारांच्या आसपास जाते. दुसरी सीसीसी, केंद्र सरकारच्या नायलिट संस्थेची. तिला शिक्षणाची अट नाही, क्लासची सक्ती नाही, थेट फॉर्म भरता येतो आणि फी बरीच कमी. 90 मिनिटांत 100 प्रश्न, 50 टक्के आले की पास. चुकलं तर गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका. जाहिरातीत यापैकी कोणतं चालतं तेही बघून घ्या.

आता क्लास की घर? हे ओळखीतल्या कुणाचा तरी संगणक अर्धा तास मागून ठरवा. मराठीत दहा ओळींचा अर्ज टाइप करा, सेव्ह करा, बंद करा आणि परत शोधून काढा. मग आपल्या गटाचं बचत रजिस्टर त्यात मांडा: 12 सभासद, प्रत्येकीचे 100 रुपये, आणि बेरीज सूत्राने काढा. 1,200 आले तर बरोबर. 1,100 आले तर एक ओळ सूत्रातून सुटली, ती शोधा. एवढं जमलं तर घरी अभ्यास करा, क्लासचे पैसे वाचतील. माऊस हातात धरतानाच हात कापत असेल तर क्लासच लावा, त्यात लाज कसली! मोबाईलवर व्हिडिओ पाहून प्रश्नांची उत्तरं पाठ होतील, पण मशीनवरचा हात बसत नाही. घरी संगणक नसेल आणि रोज कुणाकडे बसायची सोय नसेल, तरी क्लासच बरा.

सीसीसीचा अभ्यासक्रम 80 तासांचा आहे, त्यातले 50 तास प्रत्यक्ष सरावाचे. रोज एक तास धरला तर 80 दिवस. रोवणीच्या दिवसात हे होत नाही, उगाच फॉर्म भरून फी वाया घालवू नका. रोवणी आटोपल्यावर ऑगस्टच्या सुरुवातीला बसलात तर ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तास पूर्ण होतात. कापणीच्या गडबडीत थोडं मागेपुढे होईल, ते धरूनच परीक्षेचा महिना निवडा. परीक्षा केंद्र कुठे मिळतं तेही बघा. नागपूरला जावं लागलं तर भंडाऱ्याहून साठेक किलोमीटर, लाखांदूर-पवनीकडच्या बायांनी पहाटेच्या गाडीचं आधीच पाहून ठेवावं.

"परीक्षा न देता सर्टिफिकेट काढून देतो" म्हणणारा कुणी गावात आला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. कागदपत्र तपासणीत ते सापडतं, नोकरी जाते, गटाचं कर्ज मात्र राहतं.

क्लास लावायचं ठरलंच तर पैसे भरण्याआधी तिथे जाऊन तीन गोष्टी विचारा: एका मशीनवर किती जणी बसतात, रोज हातात किती वेळ मिळतो, आणि वीज गेली तर तो तास भरून देतात का? पावती घेतल्याशिवाय उठू नका.