उलाळ आणि धुरजड

॥ श्री ॥

पेण,
आषाढ वद्य पंचमी

चिरंजीव बाळ,

तुझे पत्र आणि सोबतचे छायाचित्र पोचले. खांब गावच्या अंगणात उभी असलेली तुझी जुनी, परंतु निगुतीने वापरलेली इसुझू डी-मॅक्स पुढून वाकलेली आणि मागून उचललेली दिसते, हे तुला खुपते. म्हणून पुढची बाजू दोन इंच वर घेणारी लेव्हलिंग किट बसवून ती एका रेषेत आणण्याची तजवीज तू चालवली आहेस, आणि त्यातला उंची वाढवणारा ठोकळा, म्हणजे स्पेसर, कोणत्या धातूचा घ्यावा एवढेच मला विचारले आहेस. त्याचे उत्तर मी देईन. परंतु ती किट घ्यावी की घेऊ नये, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे.

तुझे आजोबा भाताची बैलगाडी भरीत तेव्हा शेवटचे पोते चढल्यावर जू दोन्ही हातांनी उचलून पाहात. भार मागे गेला असेल तर गाडी उलाळ, म्हणजे जू मानेवरून वर उठते आणि जुपण्या बैलांच्या गळ्याला काचतात. पुढे आला असेल तर धुरजड, म्हणजे सारे ओझे मानेवर. या दोहोंच्या मधली जागा त्यांना हातांनी कळे, आणि ती कळावी म्हणून ते भरलेल्या गाडीचेच जू उचलीत, रिकाम्या गाडीचे कधी नाही. तू मात्र रिकामी गाडी पाहून निर्णय करू पाहतो आहेस.

ज्याने ही गाडी आखली त्याने मागची बाजू उंच ठेवली ती चुकून नव्हे. पुढे दुहेरी आर्म आणि कॉइल स्प्रिंग, मागे कमानपाटे, अशी तिची रचना आहे. हौद्यात माल पडला की तो बहुतांशी मागच्या आसावर येतो, पाटे सपाट होत जातात आणि मागची बाजू खाली बसते. रिकामेपणी दिसणारा तो उंचवटा मालासाठी राखून ठेवलेली जागा होय. समज, तुझी गाडी रिकामी असता मागून दोन इंच उंच आहे आणि नेहमीच्या भाराने ती बाजू अडीच इंच बसते. तर आज भरलेली गाडी मागून अर्धा इंच कलते, आणि एवढे चालते. पुढे तू दोन इंच चढवलेस की तीच भरलेली गाडी मागून अडीच इंच खाली जाईल. ही उलाळ झाली. पुढच्या चाकांवरचा भार थोडा हलका होतो, सुकाणू सैल वाटू लागते, आणि दिव्यांचे झोत वर जातात. दोन आसांमधले अंतर सुमारे 3.1 मीटर धरले, तर पुढची बाजू 5 सेंटिमीटर उचलल्याने 25 मीटरवर पडणारा प्रकाश सुमारे 40 सेंटिमीटर वर सरकतो. श्रावणातल्या पावसात, रात्रीच्या वेळी सुकेळी खिंड उतरताना समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत तो प्रकाश जाईल, याचा विचार मनात येऊन मी हे पत्र लिहावयास बसलो.

म्हणून प्रथम मोजमाप कर. सपाट फरशीवर गाडी उभी करून, चारही टायरांत नेमून दिलेली हवा भरून, प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर वहीत लिही; नंतर वजनकाट्यावर तोललेला नेहमीचा भार घालून तेच चार आकडे पुन्हा घे. पुढच्या डाव्या-उजव्या बाजूंत फरक निघाला तर दोष रचनेचा नसून थकलेल्या स्प्रिंगचा असण्याचा संभव मोठा. अशा वेळी मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगांची जोडी बसवली की बहुधा एवढ्यानेच तुझे समाधान होईल.

तरीही किट घ्यावयाचीच असे ठरले, तर एक इंचापुढे जाऊ नकोस. बाजारात स्पेसरची जाडी सांगतात ती गाडीची वाढणारी उंची नव्हे. स्प्रिंग आर्मच्या मध्यावर उभी असल्याने अर्ध्या इंचाच्या स्पेसरने चाकाशी जवळजवळ एक इंच फरक पडतो, हे न विचारता घेणारे पुष्कळ फसतात. स्प्रिंगला आतून दाबून ठेवणारा स्पेसर टाळ. शॉकच्या माथ्यावर बसणारा सोपा आणि स्वस्त असतो, पण त्यानेही वरचा आर्म आणि बॉल जॉइंट मूळ कोनाबाहेर जातात. धातू लोखंड असो वा ॲल्युमिनियम, त्याचे महत्त्व या कोनांच्या मानाने फार थोडे. योग्य भाराची संपूर्ण स्प्रिंग महाग पडते, तरी माझे मत तिच्याच बाजूने आहे. काम झाल्यावर त्याच दिवशी व्हील अलाइनमेंट आणि दिव्यांची पातळी, व 500 किलोमीटरनंतर सर्व बोल्टांची कसणी, या तिन्ही गोष्टींत कुचराई करू नकोस.

भरल्यावर बसणारी मागची बाजू अधिक पाटे घालून वर घेण्याचा मार्ग तुला कोणी सुचवील, तर माझा अनुभव ऐक. तरुणपणी मी एका टेंपोला दोन जादा पाटे घालून घेतले होते, कारण भरल्यावर तो मागून बसे. त्या वर्षी भाद्रपदाच्या तोंडावर हमरापूरहून शाडूच्या मूर्ती घेऊन निघालो. मूर्तींना वजनाच्या मानाने जागा खूप लागते, त्यामुळे पाटे दबलेच नाहीत आणि प्रत्येक खड्डा सरळ हौद्यात पोचला. ज्या घरी मूर्ती उतरवली, तिथल्या आजींनी पदर सावरून हात जोडले आणि तेवढ्यात त्यांच्या दृष्टीस सोंडेवरची चीर पडली. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. ते मौन मला आजही आठवते. तुझ्या हौद्यात वर्षातून दोन महिने मूर्ती असतात आणि एरवी भाताची पोती. दोहोंच्या भारात जमीनअस्मानाचा फरक आहे, म्हणून कडक पाट्यांपेक्षा हवा कमी-जास्त करता येणाऱ्या एअरबॅग मागे घातल्यास तुझ्या धंद्याला अधिक सोईच्या पडतील.

शेवटी सरकारदरबारची बाब. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 अन्वये, नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मालकास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ती अधोरेखित केली. म्हणून किटचा खर्च करण्यापूर्वी इथल्या आरटीओ कचेरीत लेखी विचारणा करून दस्तऐवज हाती ठेव, आणि विमा कंपनीसही कळव. तोंडी होकारावर विसंबू नकोस.

मोजमापाचे ते आठ आकडे मला पाठव. येत्या रविवारी पावसाने उघडीप दिली तर गाडी भरूनच इकडे घेऊन ये. मी पाटेवाल्याकडे तुझ्याबरोबर येईन, आणि घरच्यांनी वाल दिले असतील तर तेही बरोबर आण.

तुझा,
मामा