दीर्घ खोकला, उपचार आणि सब्र

सर्दी ओसरते, ताप उतरतो, अंगदुखी थांबते. खोकला मात्र घर सोडत नाही. इशाची नमाज आटोपून अंथरुणाला पाठ टेकली की उबळ सुरू होते, बरगड्या दुखू लागतात, छातीत घरघर वाजते आणि शेजारच्या खोलीतील माणसेही जागी होतात. असे आठवडे लोटतात. घरची माणसे प्रथम काळजी करतात, मग हळूहळू कंटाळतात. अशा वेळी रुग्णाला दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एकजण म्हणतो, "सब्र करा, अल्लाहवर भरवसा ठेवा, आपोआप जाईल." दुसरा म्हणतो, "औषधाच्या दुकानातून जरा जोरदार गोळ्या आणा, तीन दिवसांत मोकळे व्हाल." दोन्ही सल्ल्यांत अज्ञान आहे, पहिल्यात तर धर्माच्या एका थोर शब्दाचा विपर्यासही आहे.

इस्लामी परिभाषेत सब्र म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. जे कर्तव्य आहे ते संकटातही न डगमगता करीत राहणे, आणि जे आपल्या हाती नाही त्याबद्दल अल्लाहविषयी तक्रार न करणे, हा सब्र होय. प्रेषित मुहम्मद (स.) यांना काही खेडूत अरबांनी विचारले होते की आम्ही आजारपणात उपचार करावेत काय. ह. उसामा बिन शरीक (र.) यांच्या निवेदनानुसार प्रेषितांनी होकार दिला आणि सांगितले की वार्धक्य सोडले तर अल्लाहने असा कोणताही आजार ठेवलेला नाही ज्यावर उपाय ठेवला नाही. उपाय निर्माण करणारा जर तोच आहे, तर तो शोधणे म्हणजे त्याच्यावरील विश्वासाला सोडचिठ्ठी कशी ठरेल? हिजरी १८ मध्ये सीरियात प्लेग पसरला असता ह. उमर (र.) सरहद्दीवरील सर्ग या ठिकाणाहून माघारी फिरले. आपण अल्लाहच्या निर्णयापासून पळ काढता काय, असे ह. अबू उबैदा (र.) यांनी विचारले, तेव्हा ह. उमर (र.) यांच्या उत्तराचा आशय असा होता की हे पळणेही अल्लाहच्याच एका निर्णयाकडून दुसऱ्या निर्णयाकडे जाणे आहे. तवक्कुलचा अर्थ समजावून सांगण्यासाठी या प्रसंगासारखा दुसरा प्रसंग क्वचितच सापडेल.

आता दुसऱ्या सल्ल्याकडे वळू. छातीत उतरलेल्या साध्या सर्दीत श्वासनलिकांच्या आतील अस्तराला सूज येते. हा दाह बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो आणि विषाणूंवर अँटिबायोटिक औषधे चालत नाहीत. विषाणू गेला तरी सोललेले अस्तर पूर्ववत होण्यास वेळ लागतो. म्हणून दोन-तीन आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ खोकला रेंगाळतो. कफ पिवळा किंवा हिरवट झाला म्हणजे अँटिबायोटिक हवेच, ही समजूतही खरी नाही. अशी औषधे उगाच घेतली की जिवाणू त्यांना सरावतात आणि खऱ्या न्युमोनियाच्या वेळी तीच औषधे निरुपयोगी ठरतात. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून औषध आणणे आपल्या मोहल्ल्यांत इतके रूढ झाले आहे की त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटतच नाही. वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करतो तो होणाऱ्या हानीला जबाबदार राहील, असा इशारा अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आहे. हा इशारा केवळ भोंदू वैद्यांना नाही. हौशी सल्लागारांनीही तो मनावर घ्यावा.

मात्र काही चिन्हे दिसली तर एक दिवसही थांबू नये. धाप लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे, थुंकीत रक्त दिसणे, ओठ निळसर पडणे, उतरलेला ताप पुन्हा चढणे, वृद्ध माणसाने असंबद्ध बोलू लागणे, ही ती चिन्हे. लहान मुलांच्या बाबतीत श्वास मोजावा. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून पाहावे: दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर न्युमोनियाची शंका धरून मुलाला दवाखान्यात न्यावे. हे मोजमाप कोणतीही माता करू शकते. त्यासाठी शिक्षणाची अट नाही.

आणि खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. आपल्या देशाच्या क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाचा हा नियम आहे आणि सरकारी केंद्रात ही तपासणी तसेच औषधे मोफत मिळतात. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. दाट वस्ती, बंद खोल्या, अपुरा आहार आणि मधुमेह ही या रोगाची आवडती ठिकाणे. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर कापसाच्या तंतूंत दिवस काढणाऱ्या आमच्या बांधवांना हे वेगळे सांगायला नको. "तंतूंचाच खोकला आहे, सगळ्यांनाच होतो," असे म्हणून तेथे महिनोन् महिने काढले जातात.

येथे एक कटू गोष्ट लिहिणे भाग आहे. अनेक घरांत तपासणी टळते ती पैशाअभावी नव्हे, तर लोकलज्जेपायी. मुलीचे स्थळ मोडेल, सुनेला दोष लागेल, मोहल्ल्यात बोभाटा होईल, म्हणून खोकला लपविला जातो. सुनेला निदान झाले तर तिला माहेरी धाडणारी घरेही आहेत आणि त्या घरांत नमाज-रोजाची उणीव नसते! रॉबर्ट कॉक यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला. हा रोग कोणाच्या चारित्र्याचा वा कुळाचा डाग नाही हे तेव्हाच सिद्ध झाले. तो हवेतून पसरतो, ताट-वाटी किंवा कपड्यांतून नाही. म्हणून रुग्णाची भांडी वेगळी काढून त्याचे मन मोडण्यापेक्षा खोलीची खिडकी उघडणे, जाड पडदे बाजूला सारणे आणि खोकताना तोंडावर कापड धरणे अधिक उपयोगी आहे. योग्य औषध सुरू झाले की काही आठवड्यांतच दुसऱ्याला लागण होण्याचा धोका पुष्कळ घटतो. साध्या क्षयाचा उपचार सहसा सहा महिन्यांचा असतो. दुसऱ्या महिन्यातच खोकला थांबतो, भूक लागते आणि रुग्णाला वाटते की आता गोळ्या कशाला? सब्राची खरी जागा ती आहे. बरे वाटत असताना उरलेले चार महिने गोळी गिळत राहणे हे खोकत बसण्याहून कठीण आहे. मध्येच औषध सोडल्यास रोग पुन्हा उलटतो आणि औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी शासनाकडून दरमहा १,००० रुपये रुग्णाच्या खात्यात जमा करण्याची तरतूद आहे. ती घेण्यात कोणताही कमीपणा नाही.

काहीजण एक हदीस पुढे करतात की संसर्ग नावाची गोष्टच नाही. त्यांनी त्याच विषयावरील दुसरे मार्गदर्शनही वाचावे: आजारी उंटांच्या मालकाने आपले उंट निरोगी उंटांमध्ये आणू नयेत, असे प्रेषितांनी बजावले आहे. विद्वानांनी दोन्हींचा मेळ घालून सांगितले आहे की रोग स्वतःच्या सामर्थ्याने, अल्लाहच्या आज्ञेवाचून लागतो, या अज्ञानकाळातील समजुतीचे तेथे खंडन आहे; सावधगिरीचे नाही.

घरगुती उपायांबाबत आमच्या वाचकांची जिज्ञासा मोठी असते. मधात लोकांसाठी आरोग्य आहे, असे पवित्र कुरआनच्या सूरह अन-नहलमध्ये (आयत ६९) सांगितले आहे, आणि खोकल्यात रात्री झोपण्यापूर्वी चमचाभर मध घेतल्याने आराम पडतो हे आजचे डॉक्टरही मान्य करतात. परंतु एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये; त्यातील एका जंतूच्या बीजाणूंपासून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. नवजात बाळाला मध चाटविण्याची चाल असलेल्या घरांनी हे ध्यानात घ्यावे. तहनीकसाठी हदीसमध्ये खजुराचा उल्लेख आहे. तोही चावून अगदी मऊ केलेला आणि नाममात्र.

सहीह बुखारीत ह. उम्मे कैस बिन्ते मिहसन (र.) यांची हकिकत आहे. त्यांच्या मुलाच्या घशाला सूज आली होती आणि तत्कालीन रीतीप्रमाणे त्यांनी बोट घालून ती दाबली होती. प्रेषितांनी मुलांना असा त्रास का देता म्हणून विचारले आणि हिंदी ऊद वापरण्यास सांगितले. त्याच्या गुणांत छातीच्या बाजूच्या दुखण्याचाही उल्लेख केला. ही वनस्पती म्हणजे कुस्त, आपल्या काष्ठौषधीच्या दुकानांतील कोष्ठ अथवा उपलेट, जी हिमालयात उगवते. मला या हकिकतीत वनस्पतीच्या नावाइतकाच पहिला भाग महत्त्वाचा वाटतो: उपचाराच्या नावाखाली मुलाला यातना देऊ नयेत. प्रेषितांच्या अंतिम आजारात घरच्यांनी त्यांची खूण न जुमानता तोंडाच्या कडेने औषध घातले, तेव्हाही त्यांनी तीव्र नापसंती दर्शविली होती. आजारी माणसाच्या इच्छेला किंमत असते. काढा पाजताना नाक दाबणाऱ्यांनी हे आठवावे.

बाजारातील सिरपांबाबत तर विशेष जपावे. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या दूषित औषधाने अनेक बालके दगावली. त्यानंतर केंद्रीय आरोग्य यंत्रणेने स्पष्ट केले की दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती साधारणपणे योग्य नाहीत. आणखी एक गोष्ट: रुग्णाच्या खोलीत बरकतीसाठी लोबान किंवा अगरबत्ती जाळली जाते. सुजलेल्या श्वासनलिकेला धूर तो धूरच, मग तो बिडीचा असो, चुलीचा असो की लोबानचा.

कफाच्या स्वच्छतेविषयी आपल्या धर्माइतके स्पष्ट मार्गदर्शन क्वचितच आढळेल. मस्जिदीच्या किब्ल्याकडील भिंतीवर थुंकी दिसली तेव्हा प्रेषितांच्या चेहऱ्यावर नाराजी उमटली, त्यांनी ती स्वतःच्या हाताने खरवडून काढली आणि आपल्या चादरीच्या टोकात थुंकून ते टोक दुमडून दाखविले. शिंक येताच ते हाताने किंवा वस्त्राने चेहरा झाकीत आणि आवाज दाबीत. पाणी पिताना भांड्यात श्वास सोडण्यास त्यांनी मनाई केली. रस्त्याच्या कडेला खाकरून थुंकणारा माणूस ही सुन्नत रोज मोडतो, पण दाढीच्या लांबीवर जेवढी चर्चा होते तेवढी यावर होत नाही.

उपासनेसंबंधी प्रश्न असे येतात. नमाजमध्ये अनावर खोकला आल्यास नमाज बिघडत नाही. उगाच घसा खाकरणे मात्र टाळावे. उभे राहून धाप लागत असेल तर बसून, बसवत नसेल तर कुशीवर पडून नमाज अदा करावी, ही सवलत ह. इमरान बिन हुसैन (र.) यांना खुद्द प्रेषितांनी दिली. ज्याने कच्चा लसूण किंवा कांदा खाल्ला त्याला वासामुळे मस्जिदीपासून दूर राहण्यास सांगितले गेले. मग ज्याच्या खोकल्याने शेजारच्या नमाजीला रोग जडू शकतो त्याने बरा होईपर्यंत घरी नमाज पढावी, हे ओघाने आलेच. त्याचे पुण्य घटत नाही. निरोगी असताना तो जे सत्कर्म करीत होता ते आजारपणातही त्याच्या नावे लिहिले जाते, असे ह. अबू मूसा अशअरी (र.) यांच्या निवेदनात आहे. पहाटे थंड पाण्याने त्रास होत असेल तर पाणी कोमट करावे. पाण्यानेच अपाय होण्याची खरी भीती असेल तर तयम्मुमची मुभा आहे. डोक्याला जखम झालेल्या एका माणसाला सोबत्यांनी स्नान करावयास लावले आणि तो दगावला, तेव्हा प्रेषित अत्यंत संतप्त झाले आणि ठाऊक नव्हते तर विचारून का घेतले नाही, असा त्यांचा सवाल होता. सवलत असताना रुग्णावर कठोरपणा लादणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हा प्रसंग वाचावा.

रमजानमध्ये औषध चुकत असेल किंवा आजार वाढण्याची भीती असेल तर रोजा सोडून नंतर त्याची कजा करावी. सूरह अल-बकरहच्या आयत १८४ व १८५ मध्ये ही मुभा दोनदा आली आहे. बरे होण्याची आशाच नसलेल्या रुग्णासाठी फिदया आहे. दम्याच्या पंपाविषयी मात्र विद्वानांत मतभेद आहेत: अरब देशांतील अनेक विद्वान त्याने रोजा तुटत नाही असे मानतात, तर आपल्याकडील हनफी मुफ्तींपैकी बहुतेकांच्या मते तो तुटतो. आपापल्या पंथाच्या जाणकाराला विचारावे, कोकणातील शाफई कुटुंबांनी आपल्या इमामांना. पण उत्तर येईपर्यंत श्वास कोंडून बसू नये, पंप घ्यावा.

राहिला रात्रीचा प्रश्न. उशा उंच करून अर्धवट बसते पडावे, उशाशी कोमट पाणी असावे. भेटीस येणाऱ्यांनी थोडाच वेळ बसावे, रुग्णाला बोलावयास लावू नये, कारण बोलले की उबळ येते. घरातील ज्याला जाग असेल त्याने उजवा हात रुग्णाच्या अंगावरून फिरवून समस्त मानवांच्या पालनकर्त्याकडे आरोग्य मागावे. प्रेषित आपल्या घरच्या आजारी माणसांसाठी असेच करीत. आणि सकाळी दवाखान्याचा कागद आठवणीने पिशवीत ठेवावा.