धरणाच्या काठाने

वैशाखातील पहाट होती. पळसदेवच्या नव्या गावठाणातून दोन सायकली निघाल्या, तेव्हा पुणे-सोलापूर रस्त्यावरील वर्दळ अजून वाढावयाची होती. पुढच्या सायकलीवर सुटीसाठी शहरातून आलेला नातू होता आणि मागच्या, करकरणाऱ्या सायकलीवर त्याचे आजोबा. आजोबांना कसलीच घाई नव्हती. उसाच्या फडाशी ते उतरत, बांधावर कोणी भेटले की चार शब्द बोलत.

"आजोबा, अशाने दुपार होईल!" नातू कुरकुरला.

"होऊ दे. पाणी आटले आहे, गाव आज कोठे जात नाही."

फड संपले आणि वाट उताराला लागली. पावसाळ्यानंतर जेथे लाटा उसळतात, तेथे आता भेगाळलेला गाळ पसरला होता. मागे सरणाऱ्या पाण्याचा पाठलाग करीत शेतकऱ्यांनी मोटारींचे पाइप लांबवर नेले होते. पाण्याच्या कडेला पाणकावळे पंख वाळवीत बसले होते, आणि दूर उथळात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग दिसत होती. ती पाहण्यासाठी मात्र नातूच आधी थांबला.

"उजनीचा साठा वजा झाला, असे वर्तमानपत्रात वाचले. शून्याच्या खाली पाणी कसे जाईल?" त्याने विचारले.

आजोबा हसले. "भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. त्यात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. पण निम्म्याहून अधिक मृतसाठा. वापराचे म्हणून धरलेले वरचे पाणी संपले की शून्य. पुढे मृतसाठाही घटू लागला, की त्याला वजा म्हणतात."

वळण संपताच पळसनाथाच्या जुन्या मंदिराचे उंच शिखर समोर आले. भोवती गाळात वीरगळ उभे होते. इतकी वर्षे पाण्यात राहूनही त्यांवरील घोडेस्वार ओळखू येत होते. आजोबांनी पायांतील वहाणा काढल्या. मंदिराच्या दाराशी उभे राहून त्यांनी एक दिशा धरली आणि पावले मोजीत ते निघाले. बऱ्याच अंतरावर ते थांबले. तेथे जोत्याचे चार दगड होते. दुसरे काही नव्हते.

"हे आपले घर. येथे ओसरी, तेथे तुझ्या पणजीचे जाते."

नातू बराच वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "तुम्हांला राग नाही आला?"

"आला तर! सामान बैलगाडीत भरताना तुझी पणजी दाराला कुलूप लावीत होती. बुडणाऱ्या घराला कुलूप!" आजोबांनी वरच्या हिरव्या फडांकडे पाहिले. "पुढे याच पाण्यावर आपला ऊस झाला, तुझ्या वडिलांचे शिक्षण झाले. सर्वांनाच असे साधले नाही. आणि पणजीचे म्हणशील, तर ती अखेरपर्यंत संध्याकाळी याच बाजूला तोंड करून बसे."

ऊन चढू लागले होते. आजोबांनी सायकल उचलली. "चल, गाळ तापेल आता."

"थोडे थांबू या ना, आजोबा," नातू म्हणाला. तो ओसरीच्या जागी मांडी घालून बसला होता.