फळमाशीच्या वंशाच्या दोन नोंदी

कोलकात्याच्या मेछुआ बाजारात पिकलेल्या फळांभोवती चिलटाएवढ्या माश्या घोंघावत असतात. या ड्रोसोफिला प्रजातीतील फळमाश्या होत. आंब्याला छिद्र पाडून बागाइतदारांस सतावणारी फळमाशी ती निराळी. ‘ड्रोसोफिला अनानासी’ ही यांपैकीच एक जाती असून ती भारतात मनुष्यवस्तीच्या आसपास विपुल आढळते.

फळांच्या पेट्यांबरोबर या माश्याही गावोगावी जातात. तेव्हा सर्व ठिकाणच्या माश्या परस्परांत मिसळून सारख्याच झाल्या असतील, असे कोणासही वाटेल. हा तर्क पडताळण्यासाठी त्यांच्या पेशींतील नोंदी वाचाव्या लागतात.

पहिली नोंद गुणसूत्रांत असते. जनुकांची माळ धारण करणाऱ्या गुणसूत्राचा एखादा खंड कधी तुटून उलटा जोडला जातो. जनुके तीच राहतात, क्रम मात्र फिरतो. अळीच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रे फार मोठी असून त्यांवर आडवे पट्टे असतात. आईकडून सुलटा व बापाकडून उलटा क्रम आला असल्यास, जोडी जुळताना तेथे फास पडतो आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतो. अशा खंडातील जनुके बहुधा एकत्रच पुढील पिढीत उतरतात; त्यामुळे स्थानिक परिस्थितीस मानवणारा जनुकसंच सहसा फुटत नाही.

बनारस हिंदू विद्यापीठातील प्रणवीर सिंह व बी. एन. सिंह यांनी ४५ ठिकाणच्या माश्यांची अशी तपासणी करून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत कोलकाता, हावडा व सियालदह यांबरोबरच मुंबई, नाशिक, शिर्डी, पणजी व मडगाव ही ठिकाणे होती. उलट्या खंडांचे प्रमाण ठिकठिकाणी भिन्न आढळले. मालाबरोबर प्रवास घडूनही वंश एकजीव झाले नव्हते. निरनिराळ्या परिस्थितींशी जुळवून घेणे हे त्याचे कारण मानले गेले.

दुसरी नोंद तंतुकणिकांत असते. पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या या सूक्ष्म घटकांत डीएनएचे स्वतंत्र कडे असून ते जवळजवळ नेहमी आईकडूनच मिळते. त्यावरून मातृवंशाचा माग काढता येतो. परंतु येथे सावध राहिले पाहिजे. ‘वोल्बाकिया’ नावाचे जिवाणूही अंड्यावाटे आईकडूनच संततीत उतरतात. पुष्कळ कीटकांत, बाधित नराशी संयोग झालेल्या निर्बाध मादीची अंडी बहुधा वाया जातात व बाधित माद्यांचा वंश फैलावतो. त्यांच्याबरोबर त्यांच्या तंतुकणिकाही पसरतात.

तेव्हा तंतुकणिका सारख्या म्हणून सारा वंश सारखा, असे म्हणता येत नाही. दोन्ही नोंदी ताडून पाहिल्या, तरच वंशाचा खरा इतिहास हाती लागतो.