डेटाबेसचा दुभाषी : मोडी, आणे-पै आणि जोडणीची सेटिंग्ज

‘डेटाबेस ड्रायव्हर’ या संज्ञेसाठी मराठीत सहज सुचणारा शब्द ‘चालक’ हा आहे. मला तो पटत नाही. एका बाजूला आपण लिहिलेला प्रोग्राम असतो, दुसऱ्या बाजूला माहिती सांभाळणारा सर्व्हर असतो, आणि दोघांची बोली वेगळी असते. ड्रायव्हर या दोघांमध्ये उभा राहून इकडचे तिकडे सांगतो. जुन्या दरबारांत हे काम दुभाषी करीत असे, आणि चुकीचे भाषांतर झाले तरी दोन्ही बाजूंना बराच काळ त्याचा पत्ता लागत नसे. म्हणून या लेखात मी ड्रायव्हरला दुभाषीच समजतो.

हा विषय भाषेच्या वार्षिकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. गेली काही वर्षे मी जुन्या वाचनालयांच्या व खासगी दप्तरांच्या सूच्या संगणकावर आणणाऱ्या शिक्षक-विद्यार्थ्यांना मदत करतो. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या राज्यांत मराठी कारभार मोडीत चालला. त्या कागदांपैकी पुष्कळांची एकच प्रत उरलेली असते, आणि संगणकावरची सूची हाच त्या प्रतीपर्यंत जाण्याचा रस्ता असतो. सूचीतला शब्द बिघडला की कागद कपाटात असूनही हरवतो. उदाहरणे मायएसक्यूएल हा डेटाबेस आणि नोड-जेएसमधले त्याचे ड्रायव्हर यांची घेतो, कारण आमच्याकडे बहुतेक ठिकाणी तेच वापरात आहेत. सेटिंगांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टंकताना ती अर्थातच रोमनमध्ये, मूळ स्पेलिंगने लिहावीत.

पहिले सेटिंग लिपीचे, म्हणजे ‘चारसेट’. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८’ या नावाने जे मिळत आले, ते अपुरे यूटीएफ-८ आहे. त्यात एका अक्षरचिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट मिळतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत बसते, त्यामुळे मराठी मजकुराला काही अडत नाही आणि कोणाला शंकाही येत नाही. मोडीची गोष्ट निराळी. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ साली, सातव्या आवृत्तीत, आणि ते मूळ पट्ट्याच्या बाहेर मिळाले. तेथील प्रत्येक चिन्हाला चार बाइट लागतात. त्यासाठी ‘यूटीएफ८एमबी४’ हा चारसेट हवा. तो मायएसक्यूएलच्या ५.५ आवृत्तीपासून उपलब्ध आहे आणि ८.० पासून न सांगताच लागू होतो.

सर्व्हर नवा असला म्हणून निश्चिंत होऊ नये. तक्त्याचा चारसेट वेगळा आणि जोडणीचा चारसेट वेगळा असतो. तक्ता चार बाइटांचा असून दुभाषी तीन बाइटांचे बोलत असेल, तर तक्त्यात नीट असलेले प्रत्येक मोडी अक्षर वाचताना प्रश्नचिन्ह होऊन बाहेर येते. नोडच्या ‘मायएसक्यूएल’ नावाच्या जुन्या ड्रायव्हरचा न सांगता लागू होणारा चारसेट तीन बाइटांचाच आहे. उलट दिशेने, तक्ताच तीन बाइटांचा असेल आणि सर्व्हरची ‘स्ट्रिक्ट’ पद्धत बंद असेल, तर पहिल्या मोडी अक्षरापासून पुढचा सगळा मजकूर गळून पडतो. त्यामागचा देवनागरी मजकूरही जातो. सर्व्हर फक्त एक ताकीद नोंदवतो, आणि ती ताकीद कोणी मागवून वाचत नाही.

याहून फसवा प्रकार ‘लॅटिन१’ जोडणीचा. तक्ता यूटीएफ-८चा, प्रोग्राम यूटीएफ-८ पाठवतो, पण जोडणी सर्व्हरला सांगते की हा मजकूर लॅटिन आहे. सर्व्हर प्रत्येक बाइटाला एक लॅटिन अक्षर समजून त्याचे पुन्हा यूटीएफ-८ करतो. वाचताना त्याच जोडणीने वाचले की सगळे उलट फिरते आणि पडद्यावर शुद्ध मराठी दिसते. एका वाचनालयाची सूची अशीच होती. नवा प्रोग्राम योग्य सेटिंगने जोडला तेव्हा सगळ्या नोंदी टोपी घातलेल्या लॅटिन अक्षरांनी भरलेल्या दिसू लागल्या, आणि दोष नव्या प्रोग्रामवर ढकलला गेला. परीक्षा सोपी आहे. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत. सर्व्हरला त्या शब्दाची अक्षरसंख्या (‘चार-लेंग्थ’) विचारली तर ५ आणि बाइटसंख्या (‘लेंग्थ’) विचारली तर १५ यायला हवी. अक्षरसंख्याच १५ आली तर मजकुराचे दोनदा रूपांतर झाले आहे. पडद्यावर विसंबू नये, हे मोजमाप मागावे.

एक आडवळण. पुष्कळजण चारसेट ड्रायव्हरच्या सेटिंगात न लिहिता ‘सेट नेम्स’ ही आज्ञा एकदा पाठवतात. ड्रायव्हर बहुधा जोडण्यांचा संच राखून असतो. नोडमध्ये न सांगता तो दहांचा असतो. आज्ञा त्यांतल्या एका जोडणीला मिळते, बाकीच्या होत्या तशाच राहतात. मग तीच नोंद कधी नीट दिसते, कधी बिघडलेली, आणि माणसे संगणकाला नजर लागली म्हणतात. चारसेट जोडणी उघडतानाच्या सेटिंगांत लिहावा.

आता आकडे. जमाखर्चाच्या जुन्या वह्या रुपये-आणे-पैंत आहेत. १ रुपयाचे १६ आणे, १ आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. १ एप्रिल १९५७ पासून दशमान पैसे आले, त्यामुळे आजचा विद्यार्थी सवयीने दोन दशांश स्थळांचा रकाना करतो. ७ रुपये ५ आणे ४ पै ही रक्कम घ्या. तिच्या पै होतात १४०८. रुपयांत ती ७.३३३ अशी न संपणारी होते. रकान्यात ७.३३ राहते. परत १९२ ने गुणले की १४०७.३६, म्हणजे जवळच्या पूर्णांकाला ७ रुपये ५ आणे ३ पै. एक पै गेली. शंभर नोंदींची बेरीज वहीतल्या बेरजेशी जुळत नाही, आणि संशोधक कारकुनाला दोष देतो. उपाय म्हणजे रक्कम पैंमध्ये, पूर्णांकात ठेवणे. पावकी-निमकी घोकलेल्या पिढीला हे हिशेब तोंडी येत. आपण ते प्रोग्रामला शिकवावेत, रकान्याला नव्हे. साध्या ‘इंट’ रकान्यात २१४७४८३६४७ पर्यंत आकडा बसतो, म्हणजे १ कोटी ११ लाख ८४ हजार ८१० रुपयांपर्यंतच्या पै. संस्थानाच्या खजिन्याची एकूण रक्कम त्याहून मोठी असेल, तर ‘बिगइंट’ घ्यावा. नाणे कोणते, हा रकाना वेगळा हवाच. हैदराबादचा हाली सिक्का, गोव्यातील पोर्तुगीज रुपिया आणि ब्रिटिश रुपया यांची एकत्र बेरीज करता येत नाही.

‘बिगइंट’ घेतला की दुभाष्याकडे पुन्हा लक्ष द्यावे लागते. जावास्क्रिप्टच्या साध्या संख्येत ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचेच सगळे पूर्णांक बिनचूक मावतात. पैंच्या हिशेबाला ही मर्यादा कधी अडणार नाही. ती अडते नोंद-क्रमांकांना. दप्तर, रुमाल, पुडके आणि कागद यांचे आकडे सलग जोडून सोळा-अठरा अंकी क्रमांक करण्याची पद्धत मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. ९००७१९९२५४७४०९९३ हा क्रमांक डेटाबेसात बरोबर असतो, पण प्रोग्रामच्या हाती येताना शेवटचा अंक ३ चा २ होतो. वाचकाला शेजारचा कागद मिळतो. तोही खरा कागद असल्यामुळे चूक कळत नाही. यासाठी ‘सपोर्टबिगनंबर्स’ चालू करावे. पण एवढ्याने मोठ्याच संख्या अक्षरमालेच्या रूपात येतात, लहान संख्या संख्याच राहतात, आणि एकाच रकान्यात दोन जाती होतात. सोबत ‘बिगनंबरस्ट्रिंग्ज’ही चालू करावे, म्हणजे सगळे एकाच रूपात येते. माझे मत विचाराल तर, ज्या क्रमांकांची बेरीज कधी करायची नाही, ते संख्या म्हणून ठेवूच नयेत. दशांश रकाने हे ड्रायव्हर मुळातच अक्षरमालेत देतात, आणि ते शहाणपणाचे आहे. ‘डेसिमलनंबर्स’ चालू करून ते मोडण्याचा मोह टाळावा. तारखाही ‘डेटस्ट्रिंग्ज’ने अक्षरांतच मागवाव्यात, नाहीतर कालविभागाच्या फरकाने १ जानेवारी ३१ डिसेंबरवर जाते.

देवनागरी अंकांचाही एक पेच आहे. ‘१८९५’ हे साल मराठीत टंकलेले असेल आणि ते तसेच संख्येशी ताडून पाहिले, तर मायएसक्यूएल त्याची किंमत शून्य धरते. मूळ रूप मजकुराच्या रकान्यात जसेच्या तसे ठेवावे आणि शोधासाठीचे साल, अंक बदलून, वेगळ्या रकान्यात भरावे.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. सर्व्हर दुसऱ्या गावी असेल तर जोडणी सांकेतिक, म्हणजे टीएलएसची हवी. नोडच्या या ड्रायव्हरांत ‘एसएसएल’चे सेटिंग दिल्याशिवाय ती होत नाही. मायएसक्यूएलचा स्वतःचा क्लायंट टीएलएसचा प्रयत्न करतो, पण तो जमला नाही तर न बोलता उघडी जोडणी करतो. प्रमाणपत्राची तक्रार आली की ‘रिजेक्ट-अनऑथोराइज्ड’ बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने मजकूर सांकेतिक राहतो, पण समोरचा कोण आहे हे तपासणे थांबते. लखोटा मोहोरबंद आहे, मात्र तो कोणाच्या हाती दिला ते पाहिलेले नाही, असा हा प्रकार. बंद करण्याऐवजी सर्व्हरच्या प्रमाणकर्त्याची फाइल मागवून ‘सीए’ या सेटिंगात द्यावी.

दुसरी काळजी आज्ञा जोडण्याची. शोधशब्द आज्ञेच्या मजकुरात थेट चिकटवणारा प्रोग्राम गोव्यात पहिल्याच दिवशी अडखळतो, कारण ‘डि'सोझा’ या आडनावातले वरचे चिन्ह आज्ञा मध्येच तोडते. दुष्ट हेतूचा माणूस त्याच फटीतून सगळा तक्ता पुसू शकतो. मूल्यांच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून ती वेगळी पाठवावीत. ‘मल्टिपल-स्टेटमेंट्स’ बंदच असू द्यावे, आणि वाचकांसाठीच्या पानाला फक्त वाचण्याचा अधिकार असलेले खाते द्यावे.

सेटिंगे लिहून झाली की एक कसोटीची नोंद भरावी. तिच्यात एक मोडी शब्द, त्यामागे ‘मराठी’ हा देवनागरी शब्द, डि'सोझा हे आडनाव, ९००७१९९२५४७४०९९३ हा क्रमांक, १४०८ पै आणि १ जानेवारीची एखादी तारीख असावी. ती एका संगणकावरून भरून दुसऱ्या संगणकावरून, शक्यतो वेगळ्या ड्रायव्हरने, वाचावी. सर्व्हर किंवा ड्रायव्हर बदलला की हीच नोंद पुन्हा वाचावी. ती पुसून टाकू नये. सूचीत तिला शून्य क्रमांक देऊन कायम ठेवावी.