साडेतीन वर्षांचा हिशेब

मार्च 2023 मध्ये गॅस सिलेंडर अकराशेच्या वर गेला आणि आमच्या घरात सोलर आला. विजेचा नव्हे, अंघोळीचं पाणी तापवणारा, काचेच्या नळ्यांचा. विक्रेत्यानं एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला होता. गॅस गिझरला वर्षाला सात सिलेंडर, म्हणजे 7,700 रुपये. दोनशे लिटरचा सोलर 27,000 रुपये. साडेतीन वर्षांत पैसे वसूल, पुढचं गरम पाणी फुकट. ती पत्रिका मी अजून ठेवली आहे. आमच्या टेंभुर्णीत कुणी ‘सोलर घेऊ का?’ विचारायला आलं की आधी तीच काढतो.

गिझर काढण्यामागं पैशापेक्षा मोठं कारण होतं. आमची न्हाणी लहान, थंडीत झरोक्याला पुठ्ठा लावलेला. एका सकाळी बायको भिंत धरत बाहेर आली आणि दारातच बसली. गॅस गिझर बंद खोलीतली हवा खातो, मग ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. तेव्हा ज्यांच्याकडे गिझर आहे त्यांनी तो न्हाणीबाहेर लावावा, आणि तोवर झरोका उघडा ठेवून, बादली भरून, गिझर बंद करूनच अंघोळीला बसावं. गिझर काढला याचं मला वाईट वाटत नाही. चुकला तो पत्रिकेवरचा हिशेब.

सात सिलेंडर कुठून आले देव जाणे. आपल्याकडं मार्चपासून पाऊस पडेपर्यंत गरम पाणी मागतो कोण? जुनी गॅसची पुस्तिका काढून बघितली तर गिझरला वर्षाला जेमतेम पाच लागत होते. त्यात ऑगस्ट 2023 मध्ये सिलेंडर दोनशेनं उतरला, मार्च 2024 मध्ये आणखी शंभरानं. आणि 27,000 हा नुसत्या यंत्राचा भाव. आमची गार पाण्याची टाकी स्लॅबवर खालीच ठेवलेली. सोलरमध्ये पाणी आपोआप जायचं तर ती टाकी त्याच्या टाकीपेक्षा उंच हवी. लोखंडी स्टँड आणि टाकी चढवण्याची मजुरी मिळून 9,000 गेले. साधा पीव्हीसी पाइप गरम पाण्यानं मऊ पडतो, म्हणून स्लॅबपासून न्हाणीपर्यंत सीपीव्हीसी, त्यावर गुंडाळी, प्लंबर, असे आणखी साडेसात हजार. एकूण 43,500. तेव्हाच्या आठशेच्या भावानं पाच सिलेंडर धरले तर वसुलीला अकरा वर्षं. माझी मराठी शाळेतली गणितं बरी होती, पण त्या दिवशी पेन दुसऱ्याच्या हातात होता.

तरी इथवर ठीक होतं. पाण्याचा विचार मात्र ना विक्रेत्यानं केला, ना मी.

आमचं बोअरचं पाणी चहाच्या पातेल्याला पांढरी कड धरतं. तेच पाणी रोज तापवलं की त्यातला चुना सुटून नळ्यांत उतरतो. वर्षभरानं एक नळी काढली तर तळाला चार बोटं भिजलेल्या चुन्यासारखा गाळ होता. त्यानंतर पाणी तपासलं. एकूण कठीणपणा लिटरला 840 मिलिग्रॅम निघाला. पिण्याच्या पाण्यासाठी दुसरा स्रोत नसेल तरच चालणारी भारतीय मानकाची कमाल मर्यादासुद्धा 600 ची आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा जिल्ह्याला आहे. बाटलीभर पाणी आधी तिथं न्यायचं, मग दुकानात जायचं. पाणी फारच जड असेल तर हीट एक्स्चेंजरचा सोलर घ्यावा. त्यात बोअरचं पाणी नळ्यांत फिरतच नाही. महाग पडतो, पण दरवर्षीची सफाई कमी होते. मी सफाईला हजार रुपये देतो.

मे 2024. उजनी धरण वजा पातळीत गेलेलं. धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात, ते आम्ही त्या उन्हाळ्यात भोगलं. बोअर आटला आणि आम्ही दहा-बारा दिवस लग्नाला पाहुण्यांकडं गेलो. गार टाकी रिकामी झाली तसं सोलरमधलं पाणी गार पाण्याच्या पाइपानं उलटं खाली उतरलं, कारण बसवणाऱ्यानं नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घातलाच नव्हता. नळ्यांत उरलेलं पाणी उन्हानं उकळून उडून गेलं. परत आलो त्या दिवशी भर दुपारी दीडला टँकर आला. मी खुशीत मोटार लावली. थोड्या वेळानं वर फट्‌ फट्‌ आवाज सुरू झाले. दिवाळीतल्या लवंगी माळेसारखे, फक्त थांबून थांबून. तापलेल्या कोरड्या काचेत गार पाणी शिरलं होतं. वीसपैकी सात नळ्या गेल्या. साडेचारशेला एक, वर रबरी वायसर वेगळे. स्लॅबवरून काचा वेचताना आई खालून विचारत होती, ‘अरे, फटाके कुणाचे?’

म्हणून व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. टाकीच्या वर निघालेला वाफेचा पाइप कधी बुजवू नका. उन्हाळ्यात किंवा घर बंद असताना नळ्यांवर गोणपाट नाहीतर हिरवी जाळी टाका.

आणि एक गैरसमज. आता जो तो सबसिडीचं विचारतो. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या सूर्यघर योजनेतले तीन किलोवॉटला मिळणारे 78,000 रुपये छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहेत. पाणी तापवणाऱ्या सोलरला त्यातलं काही नाही. सप्टेंबर 2025 पासून जीएसटी तेवढा बारावरून पाच टक्क्यांवर आला. कुणी ‘सबसिडी नंतर खात्यात येईल’ म्हणून आगाऊ पैसे मागितले तर चहा पाजून वाटेला लावावं.

आभाळ दाटलेल्या दिवसांसाठी गिझर पुन्हा लावला नाही. आईनं तांब्याचा बंब मोडीत काढू दिला नव्हता, तोच तुराट्यांवर पेटतो. धूर होतो खरा, पण अंगणात. आणि मोटारीच्या बटणाशेजारी नातवानं जाड स्केचपेननं लिहिलंय: ‘दुपारी 11 ते 5 मोटार लावू नये. आजोबा.’ ‘आजोबा’ हे सहीसाठी आहे की तंबी देण्यासाठी, ते मी अजून विचारलेलं नाही.