आधी पार्किंग ट्रेलरचं

शिकागोहून यलोस्टोनला ट्रेलर ओढत निघायचं म्हणजे आय-९० ने चौदाशे मैलांच्या आसपास. तिथल्या कॅम्पसाइटचं आरक्षण लोक कित्येक महिने आधी करून ठेवतात. वाटेतल्या मुक्कामांचं मात्र ‘बघू, मिळेल एखादं हॉटेल’ असं चालतं. नुसती गाडी असेल तर खपून जातं. मागे बावीस फुटी ट्रेलर असला की हॉटेल निवडायचं ते पार्किंग बघून. गादी, न्याहारी आणि स्विमिंग पूल हे सगळं त्यानंतर.

ट्रेलरमध्येच झोपायची सोय असताना हॉटेल कशाला, असं कुणी विचारेल. दिवसभर गाडी हाकून आल्यावर ट्रेलर समतल करा, पाण्याची नळी जोडा, वीज जोडा आणि सकाळी हे सगळं उलटं करा, हे एका रात्रीसाठी परवडत नाही. त्यातून उन्हाळ्यात पुण्या-नाशिकहून आलेले आईवडील बरोबर असतील तर गरम पाण्याची आंघोळ आणि उभं राहता येईल असं न्हाणीघर या चैनीच्या गोष्टी राहत नाहीत.

टप्पे आखताना

*करावं*

• दिवसाला तीनशे मैलांच्या आत राहावं आणि दुपारी तीनच्या सुमारास पोचावं. ट्रेलरवाल्यांत हा ‘तीन-तीन-तीन’ नियम प्रचलित आहे. तिसरा तीन म्हणजे एका जागी तीन रात्री. तो यलोस्टोनला पोचल्यावर पाळावा. आय-९० वर हा हिशेब छान जुळतो. शिकागोहून मिसिसिपीकाठचं ला क्रॉस, तिथून सू फॉल्स, मग वॉल: हे तिन्ही टप्पे सुमारे २८०-२९० मैलांचे. चौथा मुक्काम बिगहॉर्न डोंगरांच्या पायथ्याशी बफेलोला, पाचवा कोडीला. बफेलो-कोडी अंतर कमी आहे, पण मध्ये ९,६६६ फुटांची पावडर रिव्हर खिंड आहे. तो दिवस मुद्दाम आखूडच ठेवावा.

• फोनवरचा नकाशा जी वेळ दाखवतो ती एकट्या गाडीची असते. तिच्यात निदान पाव भाग वाढवावा. मुलं आणि आजी-आजोबा असतील तर आणखी थोडा.

• शेवटच्या क्षणापर्यंत रद्द करता येणारं आरक्षण घ्यावं, चार पैसे जास्त पडले तरी. साऊथ डकोटा आणि वायोमिंगच्या माळावर वारा असा आडवा येतो की ट्रेलर एका लेनमध्ये ठेवता ठेवता खांदे भरून येतात. उन्हाळ्याच्या दुपारी गारांचं वादळही येतं. अशा वेळी शंभर मैल अलीकडेच थांबायची मोकळीक हवी, ‘पैसे बुडतील’ म्हणून पुढे रेटायची वेळ येऊ नये.

*टाळावं*

• पाटीवर ८० लिहिलंय म्हणून ८० ने जाणं. या दोन राज्यांत आय-९० वर तशी मुभा आहे, पण ट्रेलरच्या ‘एसटी’ छापाच्या बऱ्याच टायरांची मर्यादा ताशी ६५ मैल असते. मुक्कामाचं गणितही ६०-६५ नेच मांडावं.

• ऑगस्टच्या पूर्वार्धात रॅपिड सिटीच्या आसपास मुक्काम. त्या सुमाराला स्टर्जिसची मोटरसायकल जत्रा भरते. १९३८ पासून चालत आलेली ही जत्रा दहा दिवस चालते. तेवढ्या काळात साध्या मोटेलचे भावही आभाळाला भिडतात. कोडीत १ ते ४ जुलै रोडिओ असतो, तेव्हा तिथेही तीच तऱ्हा. तारखा बदलता येत नसतील तर मुक्काम एक गाव अलीकडे किंवा पलीकडे सरकवावा.

• बिगहॉर्न ओलांडायला यूएस-१४ए. नकाशावर वाट देखणी दिसते, पण उतार दहा टक्क्यांचे आहेत. ट्रेलर घेऊन त्या वाटेला जाऊच नये. यूएस-१६ धरावा.

फोनवर

*करावं*

• आरक्षणाआधी त्या हॉटेलच्या फ्रंट डेस्कलाच फोन लावावा. कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर बसलेल्या माणसाने ते आवार पाहिलेलं नसतं. वेबसाइटवरचं ‘फ्री पार्किंग’ ट्रेलरच्या बाबतीत काहीच सांगत नाही.

• लांबी आकड्यात सांगावी. ‘छोटासा ट्रेलर आहे’ म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे गवत कापायच्या यंत्राची ढकलगाडी येते. बावीस फुटी ट्रेलर आणि एसयूव्ही मिळून चाळीस फूट होतात. इथे एका गाडीची जागा साधारण नऊ फूट रुंद आणि अठरा फूट लांब असते. समोरासमोरच्या दोन जागा धरल्या तरी छत्तीसच फूट. शेपूट बाहेर राहणार. म्हणजे कडेच्या रांगेतल्या पाच जागा आडव्या अडवाव्या लागतात. तेव्हा सरळ विचारावं: “चाळीस फूट लांब गाडी रात्रभर उभी राहील का? ट्रक उभे राहतात का? मागे न घेता वळून बाहेर पडता येतं का?” तिन्हींना पटकन ‘हो’ आलं तर खुशाल आरक्षण करावं. ‘आय थिंक सो’ आलं तर दुसरं हॉटेल बघावं.

• होकार देणाऱ्याचं नाव आणि वेळ टिपून ठेवावी, आणि ‘ट्रेलरसह’ अशी नोंद आरक्षणात घालायला लावावी.

• जेवायची सोय चालत जाण्याच्या अंतरावर आहे का, हे विचारावं. हा मुद्दा हमखास राहून जातो. रात्री ट्रेलर गाडीपासून सोडायचा नाही म्हटलं की गाडीही अडकली. मग हमरस्त्यापलीकडचं उपाहारगृह दिसत राहतं, पण सहापदरी रस्ता पायी ओलांडायची सोय नसते.

• आईवडील बरोबर असतील तर तळमजला मागावा. जुन्या दुमजली मोटेलांना लिफ्ट नसते. खिडकी पार्किंगकडे उघडणारी मिळाली तर दुधात साखर.

*टाळावं*

• शहराच्या मध्यवस्तीतलं हॉटेल, मग ते कितीही स्वस्त मिळो. तिथलं पार्किंग बहुधा छताखाली असतं आणि उंचीची मर्यादा सात फुटांच्या आसपास. छतावरच्या एसीसकट ट्रेलर भरतो दहा-अकरा फूट.

• उगाच नाक मुरडून रस्त्याकडेची साधी मोटेलं वगळणं. दारापुढे लांबलचक मोकळी जागा असलेलं मोटेल हे तारांकित हॉटेलपेक्षा ट्रेलरला कैक पटीने सोयीचं. काउंटरवर बरेचदा गुजराती कुटुंब असतं. ‘केम छो’ने भाडं कमी होईलच असं नाही, पण मागच्या बाजूची मोकळी जागा दाखवायला मालक स्वतः बाहेर येतो.

पोचल्यावर

*करावं*

• आवारात शिरण्यापूर्वी एकाने उतरून पायी फेरी मारावी. आत कुठून जायचं, बाहेर कुठून पडायचं, फांद्या कुठे खाली आल्यात, हे बघून मगच गाडी आत घालावी.

• दिव्याखाली, कॅमेऱ्याच्या टप्प्यात, तोंड बाहेरच्या दिशेला करून लावावी.

• थांबल्या थांबल्या प्रत्येक चाकाच्या हबजवळ हाताची मागची बाजू न्यावी. चारही सारखेच कोमट असतील तर ठीक. एकच जवळ हात नेववत नाही इतका तापला असेल, तर बेअरिंग किंवा ब्रेकचं दुखणं आहे. हे संध्याकाळीच कळतं. सकाळी आजारी चाकही बाकीच्यांइतकंच गार असतं.

*टाळावं*

• हॉटेलच्या दारावरच्या पोर्चखालून जाणं. बॅगा उतरवायच्या नादात पाय आपोआप तिकडे वळतो. उंचीची पाटी असली तरी तिच्यावर विसंबू नये, पाटी नसेल तर विचारच सोडावा.

• अग्निशमनाच्या लाल पट्ट्यावर ‘पाच मिनिटं’ थांबणं.

रात्री

*करावं*

• ट्रेलर जोडलेलाच ठेवावा आणि तरीही कपलरला कुलूप लावावं. गॅस सिलिंडरचा कॉक बंद करावा.

• रात्रीची एकच बॅग वेगळी भरून गाडीत ठेवावी: कपडे, औषधं, चार्जर, पासपोर्ट. म्हणजे भर आवारात ट्रेलर उघडून आत काय काय आहे ते जगाला दाखवावं लागत नाही.

• कूलरमधला बर्फ हॉटेलच्या यंत्रातून भरून घ्यावा, आधी विचारून.

*टाळावं*

• खोलीत इंडक्शन शेगडीवर फोडणी. तडतडणाऱ्या मोहरीचा धूर आणि छतावरचा अलार्म यांचं जमत नाही, आणि मग पायजम्यात सगळं हॉटेल खाली उभं राहतं. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेतकूट आणि दही यांवर रात्र मजेत निघते.

• पार्किंगमध्ये ऑनिंग उघडून खुर्च्या मांडणं, ट्रेलरची वायर हॉटेलच्या भिंतीत खुपसणं. आपल्याला जागा दिलीय, कॅम्पसाइट नाही. पुढच्या ट्रेलरवाल्याला नकार मिळतो तो याच पाहुणचारामुळे.

सकाळी

*करावं*

• निघण्यापूर्वी, चाकं गार असतानाच टायरमधली हवा तपासावी. हिचखाली आडव्या गेलेल्या साखळ्या बघाव्यात, आणि ब्रेक व इंडिकेटरचे दिवे एकाने मागे उभं राहून बघावेत.

• पेट्रोल ट्रकवाल्यांच्या मोठ्या पंपावर भरावं. गावातल्या पंपावर आत जाता येतं, वळता येत नाही.

*टाळावं*

• घाईत बॅगा ट्रेलरच्या मागच्या टोकाला कोंबणं. हिचवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा. मागे वजन झालं की पुढचं टोक हलकं होतं आणि वेगात ट्रेलर शेपटीसारखा हेलकावे खातो.

• जागा वाचते म्हणून मुलांना चालत्या ट्रेलरमध्ये झोपवणं. अनेक राज्यांत ते बेकायदा आहे, आणि नसेल तिथेही करू नये.

• घरामागची जळाऊ लाकडं शिकागोहून लादून नेणं. सालीखालचे किडे फुकटात परराज्यात जातात. लाकूड मुक्कामालाच विकत घ्यावं.

• परतीचे टप्पे जातानाच्याच मोजणीने आखणं. साऊथ डकोटात मध्येच वेळेचा पट्टा बदलतो. जाताना तास मिळतो, येताना जातो. वॉलहून सू फॉल्सला तीनला पोचायचं तर वॉलच्या घड्याळात दोनलाच पोचायला हवं. तेव्हा त्या दिवशी न्याहारी बांधून घ्यावी आणि सातच्या आत निघावं.